कै. भीमाचार्यांची लिलावातली शिल्लक

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत राहणाऱ्या मानसिंगरावांना गॅझेट वाचायचा नाद होता. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत एकतीस वर्षं काढून ते पेन्शनीत निघाले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्यांनी गीता धरली आणि यांनी सरकारी गॅझेट धरलं, तेही मागच्या पानापासून. पुढच्या पानांवर नेमणुका, बढत्या वगैरे किरकोळ मजकूर असतो, खरी माणसं मागच्या पानांवर भेटतात, असं त्यांचं मत होतं. कोणाचा परवाना हरवला, कोणाच्या घरावर जप्ती आली, हे ते चवीनं वाचत आणि ज्याचं त्याला घरी जाऊन सांगत. त्यामुळे गल्लीत ते फारसे कोणाला आवडत नसत, पण ते दारात दिसले की त्यांना आत बोलावल्याशिवाय कोणाला राहवतही नसे.

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी ते रघुपतीच्या दारात आले. रघुपती सायकलची चेन काढून बसला होता. चेन काढणं सोपं असतं एवढं त्याला सकाळी साडेआठलाच कळलं होतं; आता अकरा वाजत आले होते.

‘रघुपती, तुझ्या वडलांची जमीन लिलावात गेली की रे,’ असं म्हणून मानसिंगराव पायरीवर बसले.

रघुपतीचे वडील, म्हणजे भीमाचार्य, हायस्कुलात गणिताचे मास्तर होते आणि त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. ते होते तेव्हाही त्यांच्या मालकीची जमीन म्हणजे तुळशीच्या कुंडीतली माती, असाच घरातल्या सर्वांचा समज होता. पण गॅझेटात एकोणिसाव्या नंबरवर स्वच्छ छापलं होतं: भीमाचार्य बिन राघवेंद्राचार्य, गणित उपाध्याय, चामराजपेट. आता राघवेंद्राचार्यांचा मुलगा, पेशानं गणिताचा मास्तर आणि राहणार चामराजपेट, असा दुसरा भीमाचार्य कुठून आणायचा?

मानसिंगरावांनी प्रकरण समजावून सांगितलं. एखाद्या जागेची पट्टी थकली की टाऊन कमिटी ती जागा लिलावात काढते. आलेल्या पैशांतून थकबाकी, दंड आणि दवंडीचा खर्च कापून घेते. उरलेले पैसे कमिटीचे नव्हेत, मूळ मालकाचे. तो न्यायला आला नाही तर तीन वर्षं वाट बघते आणि मग सरकारजमा करते. भीमाचार्यांची जागा पाचशे पंचाहत्तरला गेली, बावीस रुपये वीस नये पैसे कापले गेले, आणि पाचशे बावन्न रुपये ऐंशी नये पैसे तेवीस सप्टेंबरपर्यंत त्यांची वाट बघत होते. गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण ती कमिटी अजून आहे आणि गॅझेट मागून वाचणारी माणसंही आहेत. के. आर. पुरमला गाडीतून उतरून होसकोटेच्या रस्त्यानं दीड मैल चालावं लागतं, एवढं पुरे.

रघुपतीला पैशांचा आकडा आधी ऐकूच आला नाही. त्याला ऐकू आलं ते ‘थकबाकी’. तो एका रेशीम कंपनीत आवक-जावक विभागाचा हेडक्लार्क होता आणि त्या विभागात आलेलं कुठलंही पत्र चार तासांच्या आत नोंद होऊन संबंधित टेबलावर गेलंच पाहिजे, असा त्यानं स्वतः घालून दिलेला नियम होता. आमच्या घराण्यात कोणाची पट्टी थकत नसते, असं तो जरा वरच्या आवाजात म्हणाला. शिवाय थकली असती तर कमिटीनं काही कळवलं नसतं का?

मानसिंगरावांनी चष्मा सारखा करून पुढची ओळ वाचली. कमिटीनं सात वेळा कळवलं होतं. रजिस्टर टपालानं.

रघुपती हात न पुसताच आत गेला. त्याची आई, कौशल्याबाई, स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. अण्णांच्या नावाची काही पत्रं आली होती का, असं त्यानं विचारलं. आली होती की, सात आली, असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की जणू त्यानं घरात मीठ आहे का विचारलं होतं. मग त्या उठल्या आणि देवघरातून सोवळ्याच्या फडक्यात बांधलेली गठडी घेऊन आल्या. सातही लिफाफे बंद होते आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट होतं.

त्याचं असं होतं की भीमाचार्यांचं टपाल त्यांच्याशिवाय कोणी उघडायचं नाही, हा त्या घरातला मोठा दंडक होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कौशल्याबाईंनी माहेरचं पत्र समजून एक लिफाफा फोडला होता. त्यात निघाली एस.एस.एल.सी.ची गणिताची प्रश्नपत्रिका. भीमाचार्यांनी ती आहे तशी परत पाठवून दुसरी काढायला लावली, आणि स्वतःच्या पगारातून छपाईचा खर्च भरला. त्यानंतर कौशल्याबाईंनी यजमानांच्या पत्राला हात लावला तो फक्त त्यांच्यापुढे ठेवण्यापुरता. यजमान गेल्यावरही पत्रं येत राहिली, तेव्हा त्यांनी पोस्टमनला सही दिली आणि पत्रं फोटोपुढे ठेवली.

‘पत्र त्यांच्या नावाचं,’ त्या म्हणाल्या. ‘मी त्यांच्यापुढे ठेवलं. फूल वाहिलं. एक महिना वाट बघितली. त्यांनी स्वल्पही काही सुचवलं नाही, मग मी काय करू?’

चार तासांचा नियम करणाऱ्या माणसाच्या घरात सात रजिस्टर पत्रं चार वर्षं फुलांखाली पडून होती, ही गोष्ट ऑफिसात कळली तर काय होईल, याचाच तो विचार करत राहिला. पत्रं त्यानं आईच्या समोरच उघडली. पहिल्या पत्रात कमिटी भलतीच उर्मट होती. पट्टी ताबडतोब भरावी, एवढंच. जसजशी जागा हातची जात गेली तसतशी भाषा मऊ होत गेली, आणि सातव्या पत्रात तर ‘आपली शिल्लक नेण्यास आपण सवडीनं यावं’ अशी विनंती होती. जागा एकोणीसशे एकोणचाळीसपासून भीमाचार्यांच्या खात्यावर होती आणि छप्पन सालापर्यंतची पट्टी दर वर्षी वेळेवर भरलेली होती. छप्पनच्या जूनमध्ये अण्णा गेले.

म्हणजे सतरा वर्षं अण्णांच्या नावावर जागा होती आणि त्यांनी ती कोणालाही सांगितली नव्हती. ती त्यांनी घेतली कशाला?

कौशल्याबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. मानसिंगरावांना मात्र लगेच कळलं होतं. त्यांनी रघुपतीला फाटकापर्यंत नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, तिकडे कोणी होतं का? कोणी म्हणजे? कोणी म्हणजे कोणी. सब-रजिस्ट्रार कचेरीत त्यांनी असे पुष्कळ दस्त पाहिले होते. गावाबाहेरची जागा, घरात पत्ता नाही, पट्टी वेळेवर. दुसऱ्या बिऱ्हाडाची सगळी लक्षणं.

रघुपतीला राग आला. पहाटे पाचला थंड पाण्यानं आंघोळ करून दिवसभर वर्गमुळं काढणारा माणूस दुसरं बिऱ्हाड करेल कधी? पण राग ओसरल्यावर त्याला आठवायला लागलं की दर वर्षी परीक्षा संपल्यावरच्या एका रविवारी अण्णा छत्री घेऊन ‘जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडत आणि संध्याकाळी परतत तेव्हा त्यांचे पाय पोटरीपर्यंत धुळीनं माखलेले असत. कुठे, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. अण्णांना कोणी काही विचारत नसे. तेच सगळ्यांना विचारत, आणि उत्तर चुकलं की गप्प बसत.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. रघुपतीच्या बायकोला, अहल्येला, हंड्यातल्या गुप्त खजिन्यापासून मठाला द्यायच्या दानापर्यंत दिवसाला दोन याप्रमाणे कारणं सुचत होती. साडेपाचशे रुपयांचं तिनं मनात शिवणाचं यंत्र घेऊनही टाकलं होतं, पण खरं सांगायचं तर तीसुद्धा यंत्रापेक्षा कारणाच्याच मागे होती. रघुपतीला वेगळंच काही टोचत होतं. तो एकुलता एक मुलगा होता. शेवटच्या आजारपणात दोन महिने तो अण्णांच्या उशाशी बसला होता. त्या दोन महिन्यांत अण्णांनी त्याला दुधाचा रतीब, घड्याळाची किल्ली आणि श्रावणीची दक्षिणा सगळं समजावून सांगितलं, पण जागेबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलावर विश्वास नव्हता म्हणायचा की काय? हे त्याला कळायला हवं होतं.

‘पैशाचं काही नाही,’ तो अहल्येला म्हणाला. ‘पण अण्णांनी मला का सांगितलं नाही, ते बघायला पाहिजे.’

‘सरी, ठीक आहे, पण बघताबघता पैसेही घेऊन या,’ अहल्या म्हणाली.

पहिली किरकोळ रजा टाकून रघुपती टाऊन कमिटीत गेला. मानसिंगरावांनी त्याला कोट घालायला लावला होता, कारण कोटाशिवाय गेलेल्या माणसाला कचेरीत दुसऱ्या दिवशी यायला सांगतात असा त्यांचा अनुभव होता. कोट घालून गेलेल्या रघुपतीला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं गेलं, कारण शिल्लक रकमांच्या कपाटाची किल्ली बाळगणारा गुरुराज नावाचा क्लार्क बहिणीच्या लग्नाला हासनला गेला होता.

गुरुराज परत आला तेव्हा माणूस चांगला निघाला, हीच अडचण झाली. चार पैसे मागणारा माणूस असता तर निदान मार्ग दिसला असता. हा कानडी माणूस प्रत्येकाला ‘स्वामी’ म्हणे, बसायला स्टूल देई आणि नियमाबाहेर तसूभर जात नसे. त्यानं फाइल उघडली, अण्णांच्या मृत्यूचा दाखला हातात घेतला आणि तो दोनदा वाचला.

‘स्वामी, हे गृहस्थ छप्पन साली वारले असं इथे लिहिलंय,’ तो फार सौम्यपणे म्हणाला. ‘पण आमची पत्रं तर ते साठ सालापर्यंत घेत होते.’

त्यानं पोस्टाच्या सात पोचपावत्या एकाखाली एक मांडल्या. प्रत्येकीवर कौशल्याबाईंच्या वळणदार मोडीत ‘भीमाचार्यांकरिता’ अशी सही होती आणि सहीखाली ‘घरातलं माणूस’ असा पोस्टमनचा शेरा. ज्याच्याकरिता पत्र घेतलं जातं तो माणूस घरात असतो, अशी कमिटीची समजूत होती. भीमाचार्य गेलेले असते तर पत्र परत आलं असतं. ज्या अर्थी पत्र परत आलं नाही, त्या अर्थी ते आहेत. ते असतील तर त्यांनी स्वतः यावं. नसतील तर दाखल्यातले भीमाचार्य कोणी दुसरे असावेत.

रघुपतीनं आईची पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला. फोटो, फूल, महिनाभराची वाट, सगळं सांगितलं. गुरुराजनं ते हात जोडून ऐकून घेतलं. त्याच्या आजीचंही असंच होतं म्हणे. पण फाइलमध्ये फुलाला रकाना नव्हता. शेवटी त्यानं नियमांचं पुस्तक काढून एक वाट शोधली. जागेच्या शेजारचा एखादा माणूस मिळाला, जो मालकाला त्या जागेवर पाहून ओळखत होता आणि अर्जदार त्याच मालकाचा मुलगा आहे असं सकारण सांगू शकेल, तर त्याचा जबाब घेऊन काम होईल.

रघुपती त्या जागेवर जन्मात गेला नव्हता. ज्यानं त्याला कधी पाहिलं नाही असा माणूस त्याला ओळखणार कसा? ते नियमात नाही, असं गुरुराजनं कबूल केलं.

मानसिंगरावांचा सल्ला पडला की जागेवर जाताना काठी न्यावी, कारण लिलावात जागा घेतलेल्या माणसाला जुन्या मालकाचा मुलगा दिसला की तो आधी विळा शोधतो. अहल्येनं काठीऐवजी चकलीचा डबा दिला. अशा तऱ्हेनं सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी रघुपती कोट घालून, चकल्या घेऊन, के. आर. पुरमला उतरला आणि धुळीतून दीड मैल चालत गेला. पाय पोटरीपर्यंत माखले, ते त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

जागा म्हणजे तिथे आता म्हशींचा गोठा होता. पत्र्याची लांब शेड, कडब्याची गंज, दगडी विहीर आणि अकरा म्हशी. अकरावी म्हैस फाटकातच आडवी बसली होती. रघुपती फाटकाबाहेर उभा राहिला. हाक मारावी तर कोणाच्या नावानं मारावी, आणि म्हशीला उठवावी तर ती परक्याची. ती आपण होऊन उठेल म्हणून तो घड्याळ बघत पंधरा मिनिटं थांबला. एकदा तिनं शेपटी हलवली तेव्हा त्याला आशा वाटली, पण ती शेपटी त्याच्या कोटावर आली आणि कोट पाठीपासून खिशापर्यंत हिरवा झाला.

शेडमधून एक पन्नाशीचा, अंगात बंडी घातलेला माणूस हे सगळं बघत होता. तो हात पुसत जवळ आला आणि रघुपतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, ‘तुमी मास्तरांचं रघू न्हवं?’

त्या माणसाला उत्तराची गरजच नव्हती. त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला उठवलं, कोट काढून घेतला, विहिरीवर धुऊन तारेवर टाकला आणि पाहुण्याला बाजेवर बसवून पितळी पेला भरून दूध आणून दिलं. त्याचं नाव कल्लाप्पा. मूळचा चिकोडीकडचा, एकोणपन्नास साली इथल्या कारखान्यात कामाला आलेला आणि तेव्हापासून शेजारच्या खोपटात राहिलेला. या मुलखात कोणी मराठी बोलणारं भेटायचं नाही. मास्तर दर वर्षी पट्टी भरायला यायचे, विहिरीच्या काठावर बसून दशम्या खायचे आणि कल्लाप्पाशी मराठीत बोलायचे.

काय बोलायचे? म्हशींबद्दल. कल्लाप्पाच्या घरी गावाकडे म्हशी होत्या. मास्तर त्याला विचारून विचारून लिहून घेत. सरकी किती लागते, भाकड दिवस किती, पाण्याला किती बायका ठेवाव्या लागतात.

कल्लाप्पानं शेडच्या वळचणीतून एक पत्र्याची नळी काढली आणि तिच्यातून, मास्तरांनी त्याच्याकडे ठेवायला दिलेला, गुंडाळलेला कागद. उत्तरपत्रिकेची पाठकोरी बाजू होती. अक्षर अण्णांचं, आकडे एकाखाली एक आखल्यासारखे, काही मागाहून खोडून नव्यानं घातलेले. पहिल्या वर्षी दोन म्हशी, तिसऱ्या वर्षी चार, सहाव्या वर्षी कडब्यासाठी शेजारचा अर्धा एकर. खाली दोन रेघा मारून ‘शिल्लक दरमहा रु. ३१-४-०’. आणि वर, श्रीकाराच्या खाली, ‘चि. रघूकरिता’.

रघुपतीनं कागदावरची तारीख पाहिली. मे एकोणीसशे एकोणचाळीस. त्या महिन्यात तो इंटरमीजिएटला दुसऱ्यांदा नापास झाला होता. गणितात.

म्हणजे अण्णांनी त्याच्यासाठी म्हशी ठरवल्या होत्या. निकाल लागला त्याच महिन्यात या पोराला कोणी नोकरी देणार नाही असं गणित करून, पोटाला चिमटा घेऊन जागा घेतली होती. ठीक आहे, त्या वेळी ते वाटणं साहजिक होतं. पण एक्केचाळीस साली रघुपतीला नोकरी लागली. पंचेचाळीसला तो कायम झाला. त्रेपन्नला हेडक्लार्क झाला, तेव्हा अण्णांनी स्वतः पेढे वाटले. आणि तरीही पंचावन्नच्या एप्रिलात छत्री घेऊन येऊन त्यांनी पुढच्या वर्षाची पट्टी भरली होती. पंधरा वर्षांत एकदाही त्यांना वाटलं नाही की आता म्हशींची गरज नाही.

‘मास्तर ग्येल्यावर मी चार वरीस वाट बघितली,’ कल्लाप्पा म्हणाला. ‘म्हटलं रघू येतील, त्यांची जागा हाय. तुमी आला न्हाई. मग लिलाव लागला तवा मीच घ्येतली. कारखाना सोडला. कागद हुताच.’

तो आता महिन्याला चारशे रुपये मिळवत होता. रघुपतीचा पगार भत्त्यासकट दोनशे दहा होता. दूध मात्र घट्ट होतं आणि गोड होतं, आणि रघुपतीनं ते संपवलं, कारण टाकून देणं त्याला जमलं नाही. जबाबाला येशील का, असं त्यानं विचारलं नाही. कल्लाप्पानं चकल्यांचं कारण विचारलं तेव्हा सगळं सांगावं लागलं, आणि तो म्हणाला, येईन की, सोमवारी सकाळचं दूध घालून येतो, तेवीस तारखेला.

घरी येऊन रघुपतीनं जाहीर केलं की पैसे आणायचे नाहीत. वीस वर्षं इमानानं नोकरी केलेल्या माणसाला बापानं म्हशींच्या लायकीचा ठरवलं, तर त्या जागेचे पैसे घेण्यात मानहानी आहे. कौशल्याबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, म्हणजे तिकडे कोणी नव्हतं. त्यांच्या मनातही मानसिंगरावांचीच शंका डोकावून गेली होती, हे त्या दिवशी कळलं. अहल्या आधी तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि हसायची थांबली.

दोन आठवड्यांनी, बावीस तारखेच्या रविवारी, तिनं त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली आणि सहज बोलावं तसं बोलली. ‘सात वर्षं ते कल्लाप्पाशी बोलत होते हो. नुसत्या म्हशींबद्दल किती बोलतील? त्यानं तुम्हाला न बघता ओळखलं, म्हणजे अजून काहीतरी सांगितलं असेल की.’

त्या वाक्यानंतर रघुपतीला कॉफीची चव लागली नाही. काय सांगितलं असेल? तो सोमवारी उरलेली शेवटची किरकोळ रजा टाकून कमिटीत गेला, आणि पैशासाठी गेला नाही हे शपथेवर सांगता येईल.

कल्लाप्पा धुतलेला सदरा घालून आधीच येऊन बसला होता. गुरुराजनं तीन कागदांमध्ये कार्बन घातले, लेखणी सरसावली आणि विचारलं की साक्षीदारानं अर्जदाराला पूर्वी कधी पाहिलं होतं का. नाही. मग हा मयताचा मुलगा, हे कशावरून? मास्तर सांगायचे त्यावरून. काय सांगायचे? ते लिहावं लागेल, स्वामी. सकारण म्हटलंय.

कल्लाप्पानं रघुपतीकडे पाहिलं. तो कामचलाऊ कानडीत सांगू लागला आणि गुरुराज त्याचं सरकारी कानडी करून मोठ्यानं वाचत लिहू लागला. अर्जदार बुद्धीनं सावकाश आहे. बेरजेत हातचा विसरतो. चालताना खाली बघतो. खिशाला दोन पेनं लावतो, पैकी एक चालत नाही. कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर तोच माफी मागतो. वाटेत जनावर बसलं असलं तर ते उठेपर्यंत थांबतो. बाजूच्या टेबलांवरची दोन माणसं काम थांबवून ऐकत होती आणि प्रत्येक कलमाला अर्जदाराकडे बघून ताडून घेत होती. रघुपतीनं खिशातलं न चालणारं पेन काढून मुठीत धरलं. हे सगळं तीन प्रतींत होत होतं.

‘आणि लबाडी करायला येत न्हाई,’ कल्लाप्पा म्हणाला. हे मात्र तो मराठीत, रघुपतीकडे बघूनच म्हणाला. ‘मास्तर म्हणायचे, अशा माणसाला नोकरीत वरचे लोक आपली चूक झाकाया कवा बी पुढं करून मोकळे हुतील. म्हशी तसं करत न्हाईत. म्हणून जागा ठेवलीय म्हणायचे.’

गुरुराजनं भाषांतर मागून तेही लिहिलं. आणखी काही?

कल्लाप्पानं सांगितलं की मास्तर एक गोष्ट दर वर्षी सांगत. निकालाच्या दिवशी मास्तर जेवायला बसले, शेजारी रघू. पोरगं रडेल, ताटावरून उठेल, असं त्यांना वाटत होतं. पण बापाला वाईट वाटू नये म्हणून पोरानं भात मागून घेतला. पुन्हा मागून घेतला. तीनदा. घास तोंडात फिरत होता, पण खाल्ला. मास्तरांनी काही बघितलं नाही असं दाखवलं. हे सांगून झालं की ते दशमीचा उरलेला तुकडा गुंडाळून ठेवायचे, त्यांना पुढं खाववायचं नाही.

रघुपती खिडकीकडे बघत होता. तो भात चोवीस वर्षांत त्यानं कोणाला सांगितला नव्हता, अहल्येलाही नाही. आपण फार हुशारीनं ते निभावलं अशी त्याची समजूत होती.

गुरुराजनं हे लिहिलं नव्हतं. लेखणी हातातच धरून तो बसला होता. मग तो म्हणाला की एवढ्यावर काम झालं, हुकूम आजच्या तारखेचा निघेल. जबाबातली काही वाक्यं मात्र अर्जदाराला गैरसोयीची वाटत असतील, तर ‘बुद्धीनं सावकाश’ आणि पुढचा मजकूर गाळून नवीन प्रत करता येईल. नुसतं वर्णन जुळतं म्हटलं तरी चालेल.

‘नको,’ रघुपती म्हणाला. ‘आहे ते बरोबर आहे. आणि भाताचंही घाला.’

‘भाताचं कायद्यानं लागत नाही, स्वामी.’

‘घाला,’ रघुपती म्हणाला.

गुरुराजनं ते घातलं. रघुपतीनं खाली सही केली, पहिल्या पेनानं उठली नाही म्हणून दुसऱ्यानं केली. पैसे पंधरा दिवसांनी मिळतील असं कळलं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. जबाबाची नक्कल मिळते का, असं त्यानं विचारलं. मिळते, एका नकलेला पंचवीस नये पैसे पडतात, पण ती कशाला हवी, असं गुरुराजनं विचारलं.

‘एक वाचायला, एक अण्णांपुढे ठेवायला,’ असं म्हणून रघुपतीनं दोन नकलांचे पैसे टेबलावर ठेवले.